रडणारं झाड

सकाळी सातलाच वसाहतीच्या फाटकापर्यंत रांग गेली होती आणि प्रत्येकाच्या हातात रिकामी बाटली होती. रांगेचं तोंड आमच्या मोठ्या झाडापाशी. तिथं अश्रूबाबा खोडावर पंजा टेकून, डोळे मिटून उभे. "माते, लेकरं आली आहेत," असं खर्जात म्हणायचे, पंजा बाजूला घ्यायचे, आणि खोडातून तपकिरी पाण्याची धार लागायची. मग रांगेत हुंदके. त्यात सगळ्यांत मोठा हुंदका माझ्या सासूबाईंचा.

मी या वसाहतीची माळीण. बावीस वर्षं त्या झाडाखाली झाडू मारतेय. ते अश्रू नव्हेत, हे मला पाणी पाझरलं त्या पहिल्याच दिवशी वासावरून कळलं. आंबूस, नासका वास. झाड आतून सडायला लागलं की लाकडातलं पाणी नासतं, त्यात गॅस धरतो आणि जखम दिसेल तिथून ते बाहेर पडतं. झाडाला गळू झालं होतं, दुसरं काही नाही. आणि ही शिकलीसवरलेली माणसं गळवाचं पाणी बाटलीत भरून नेत होती, वर चार थेंब डोळ्यांना लावत होती.

गळू झालं कशानं, तेही ऐका. तीन वर्षांपूर्वी गाड्यांना जागा हवी म्हणून अध्यक्षांनी थेट खोडाला भिडवून काँक्रीट ओतलं. हातभर तरी माती मोकळी सोडा म्हणून मी हातापाया पडले. "झाडाला काय कळतंय?" म्हणाले आणि मला वाटेला लावलं. मुळं गुदमरली, शेंडा वाळला. मग वाळकी दिसते म्हणून एक जाड फांदी बुंध्यापासून तोडली, ती जखम भरलीच नाही. तेच अध्यक्ष आता हात जोडून रांगेत पहिले. मातेला सगळं कळतं, असं तेच चारचौघांत सांगत सुटले होते.

बाबा मूळचे कपाटं जोडणारे. अध्यक्षांच्या घरी कामाला आले, खोड पाझरताना बघितलं आणि कपाटं सोडून दिली.

तिसऱ्या आठवड्यात केर भरताना माझ्या सुपलीत भुसा आला. किड्यानं पाडलेला भुसा पिठासारखा असतो. हा ताजा, पिवळा, बारीक वेटोळ्यांचा. लोखंडाशिवाय असा भुसा पडत नाही. वर बघितलं तर सालीत जागोजागी सालीच्याच रंगाचं मेण लिंपलेलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आजारी झाडाला हा माणूस ड्रिलनं भोकं पाडत होता.

घरी सांगितलं तर सासूबाई उखडल्या. तुला कशात म्हणून चांगलं दिसत नाही, म्हणाल्या. त्यांच्या दुखऱ्या गुडघ्याला त्या पाण्यानं फोड आले होते, आणि आतलं वाईट बाहेर पडतंय, असं बाबांनी त्यांना समजावलं होतं.

दुसऱ्या सकाळी मी सुपली घेऊन रांगेच्या पुढं गेले. "बाबा, आज मी रडवते," म्हटलं, आणि नखानं मेणाचं बूच उपटलं. धार लागली. दुसरं उपटलं, तिसरं उपटलं. एकूण सात.

"मी कुठला मंत्र म्हटला?" मी विचारलं. "भोक पाडायचं, बूच मारायचं, आत दाब साठू द्यायचा. मग वर पंजा ठेवून अंगठ्यानं बूच काढायचं. हा बघा भुसा."

सगळे सुपलीत डोकावले. मला वाटलं, पडला उजेड. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "एकदम सात धारा!" आणि बाटल्या घेऊन माणसं माझ्या अंगावरच आली. बाबाही काही कमी नव्हते. "मातेनं हिचा हात निवडला," म्हणाले. एक बाई चक्क माझ्या पाया पडली. मी कपाळावर हात मारून घेतला.

सासूबाई मात्र खाली वाकल्या होत्या. त्यांनी एक बूच उचललं, हुंगलं, चुरून बघितलं. मग लंगडत बाबांसमोर गेल्या, आपल्या बाटलीचं झाकण काढलं आणि शांतपणे म्हणाल्या, "पाय पुढं करा. आधी तुमच्या गुडघ्याला लावू."

बाटली तिरकी झाली तसे बाबा टुणकन मागं सरले. एक थेंब पायावर उडाला तो त्यांनी घाईघाईनं धोतरानं पुसला. ते सगळ्यांनी बघितलं. माझ्या भुशानं जे झालं नाही, ते त्या एका पुसण्यानं झालं. रांग निमूट पांगली. बाबा त्या गर्दीतूनच सटकले.

झाडांचा डॉक्टर आला, त्यानं खोड ठोकून बघितलं. झाडानं सड एका कोपऱ्यात कोंडून धरली होती, म्हणाला, या सात भोकांनी ती चांगल्या लाकडात सोडली. निम्मं झाड तर जाणारच. काँक्रीट निघालं तर उरलेलं कदाचित जगेल.

बाबांनो, झाड रडत नाही. त्याला तुमचे नवस नकोत. त्याला माती हवी, पाणी हवं, आणि त्याच्या अंगात कुणी लोखंड घालू नये एवढंच हवं. कुणी चमत्कार दाखवला तर वर बघून हात जोडण्याआधी जरा खाली वाकून बघा, काय सांडलंय ते.

काँक्रीट फोडायला माणसं हवीत म्हणून मी दारोदार फिरले. कुणाला कामावर जायचं होतं, कुणाची पाठ दुखत होती. अध्यक्षांनी गाडी कुठं लावू, एवढंच विचारलं. शेवटी मी घण घातला आणि सासूबाईंनी फोड आलेला गुडघा लांब करून, बसल्या बसल्या छिन्नी धरली. रांगेत रोज दोनशे माणसं असायची.