पोचम्माचा बोल्ट

"काका, वर झोप लागली काय?" तेजस खालून ओरडला.

हिम्मतराव कातळाला पालीसारखे चिकटले होते. पाल निदान माशा तरी मारते. सिकंदराबादच्या एका रेल्वे कचेरीतले हे हेडक्लार्क वर्षानुवर्षं दर रविवारी गिर्यारोहण क्लबातल्या पोरांसाठी खाली उभे राहून दोर धरत आले होते. मान वर, दोन्ही मुठी दोरावर. आता निवृत्ती आली. त्याआधी एकदा तरी दोर घेऊन पुढे चढायचं, एवढीच त्यांची हाव.

क्लबाने त्यांना सर्वांत टाकाऊ कातळ दिला. इतका सोपा, की तिथे दोर अडकवायचे बोल्ट ठोकायचाही कंटाळा केलेला. सबंध चढणीत एकच बोल्ट, मधोमध. त्याच्या बरंच वर गेल्यावर पाय सटकला, तर प्रेत कुठे पडलंय ते दाखवायलाच दोराचा उपयोग.

"नानी लोगां चढतात हो याच्यावर, म्हाताऱ्या!" आज खाली दोर धरायला उभ्या असलेल्या तेजसने धीर दिला आणि फोन कानाला लावला.

हिम्मतराव बोल्टपर्यंत पोचले. कडी लावून कमरेला बांधलेला दोर अडकवला, आणि मग त्यांना दिसलं: बोल्टला हळद, कुंकू, वर झेंडूचं फूल.

मागे बांगड्या वाजल्या. एक म्हातारी अनवाणी वर येत होती. एका हातात आरतीचं ताट, दुसरा कमरेवर.

"कोण रे तू? पोचम्मा देवीला दावं लावतोस? आणि वर बूट घालून!"

"मावशी, हा बोल्ट आहे. आमच्या क्लबाने..."

"क्लबाला म्हणावं, आधी पाया पड. सोड ते. बूट काढ."

जन्मभर हेडक्लार्की केलेल्या माणसाला हुकूम मोडायची सवय नसते. त्यांनी बोल्टातून दोर सोडवला. बसून बूट काढले. ते हातातून निसटले आणि घसरत, आपटत तेजसपाशी जाऊन पडले. इथून खाली पोचायला किती वेळ लागतो, तेही कळलं. तेजसने वर पाहिलं नाही.

"आता हो पुढे. मला प्रदक्षिणा घालायचीय."

म्हातारी खरंच त्या उतारावर बोल्टभोवती फिरू लागली. अडथळा नको म्हणून हिम्मतराव वर निघाले. अनवाणी तळवे तापलेल्या दगडावर मुकाट बसत गेले.

माथ्यावरून त्यांनी खाली पाहिलं. तेजस पाठमोरा, फोनवर हसत होता. दोर त्याच्या पायाशी मोकळा पडला होता. कोणी धरलेलाच नव्हता.

हिम्मतरावांनी मांडी घातली आणि दोर वर ओढून घेत दर रविवारसारखी त्याची नीट वेटोळी करायला घेतली. दोराचं टोक तेजसच्या बुटाला घासून वर निघालं.


त्याने पाय जरासा बाजूला घेतला.