आधी रिकामी पारडी बघा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी तराजू आहे. दुकानातला नव्हे हं, शाळेतला! साखर-साबण जोखणाऱ्यांतला मी नाही. मी आकडे जोखतो. थोडा तोरा दिसतोय ना माझ्या बोलण्यात? दिसू दे. तो मी कमावलेला आहे.

सुतारकाकांनी मला शाळेच्याच एका मोडक्या बाकातून घडवलं. पारड्यांसाठी डब्यांची दोन झाकणं घेतली, भोकं पाडून दोऱ्या ओवल्या आणि मला खिडकीच्या गजाला टांगलं. एक बाजू झुकली. मग काकांनी कानस घेतली. घासायचं, टांगायचं, एक डोळा मिटून बघायचं, पुन्हा घासायचं. काकू जेवायला हाका मारून दमल्या. शेवटी काटा सरळ उभा राहिला, तेव्हा काका म्हणाले, "जा लेका आता शाळेत. कुणाचीही बाजू घेऊ नकोस." उरलेल्या पट्टीचे त्यांनी एकसारखे ठोकळेही कापून दिले.

तिसरीच्या बाईंना माझी गरज का पडली, ते ऐका. त्यांनी फळ्यावर लिहिलं होतं: ८ + ४ = □ + ५. चौकटीत कोणता आकडा येईल? सारा वर्ग एका सुरात ओरडला, "बारा!" बाईंनी कपाळावर हात मारला. पोरांचा तरी काय दोष? बरोबरचं चिन्ह दिसलं की पुढे उत्तर लिहून मोकळं व्हायचं, एवढंच त्यांना ठाऊक. चिन्हाच्या दोन्ही बाजू सारख्याच भरायला हव्यात, हे बाई घसा कोरडा पडेस्तोवर सांगत होत्या. पण पालथ्या घड्यावर पाणी!

मग मला खुंटीला टांगलं. डाव्या पारड्यात आठ आणि चार ठोकळे, उजव्यात पाच. मी धाडकन डावीकडे झुकलो. पोरं उजवीकडे एकेक ठोकळा टाकू लागली आणि सातव्याला माझा काटा सरळ! "सात! अरे, सात!" पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला. मला छाती असती ना, तर फुगून फुटली असती.

एक मुलगी मात्र गप्प होती. चणीने एवढीशी, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. गणितात ती फार मागे. मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, बाईंना बजावलं होतं, "सोमवारी मी स्वतः येऊन बघतो. नाही जमलं तर दुसरीत बसवा तिला." मुंगीच्या तोंडचं पाणीच पळालं. मैत्रिणी सुटणार, बाई सुटणार, आणि धाकटा भाऊ दुसरीतच होता! त्याच्याच बाकावर बसायची पाळी आली असती.

तेव्हापासून मधल्या सुट्टीत ती माझ्यापाशी येऊ लागली. ठोकळे घाली, काढी, स्वतःशी पुटपुटे. एकदा तिने दोन्ही पारड्यांतून दोन-दोन ठोकळे काढले. काटा हलला नाही. इकडचे ठोकळे तिकडे आणि तिकडचे इकडे केले. तरी नाही. "अय्या, तुला काहीच फरक पडत नाही की रे!" म्हणत ती खुदकन हसली. इतक्या मायेने माझ्याशी कुणी बोललं नव्हतं.

सोमवार उजाडला. आदल्या तासाला मातीकाम झालं होतं, आणि कुणा द्वाड कार्ट्याने चिकणमातीचा गोळा माझ्या डाव्या पारड्याच्या बुडाला चिकटवून ठेवला होता. मी ओरडणार कसा? मोठे सर आले. बाईंनी घाईघाईने मला टांगलं. रिकाम्या पारड्यांकडे कुणी पाहिलंच नाही.

सरांनी लिहिलं: ९ + ३ = □ + ४. मुंगीने चौकटीत आठ मांडले.

"हं, आता तराजूवर दाखव बघू."

तिने डावीकडे नऊ आणि तीन ठेवले, उजवीकडे आठ आणि चार. मी डावीकडे कललो! वर्गात खसखस पिकली.

"तराजू काही खोटं बोलत नाही, बाळ," सर म्हणाले.

बाईंचा चेहरा उतरला. मुंगीचे डोळे भरून आले. पायाच्या अंगठ्याने ती फरशी टोकरत राहिली. आता ही रडत बाहेर पळणार, असं वाटून माझा जीव खालीवर होत होता.

"सर," ती हळूच म्हणाली, "आठच बरोबर आहे. तराजू चुकतोय."

"अगं!" बाई दचकल्या.

पण मुंगी थांबली नाही. तिने दोन्हीकडच्या ठोकळ्यांची अदलाबदल केली. मी पुन्हा डावीकडेच. "बघा! नऊ आणि तीन खरंच जास्त असते, तर आता उजवं पारडं खाली गेलं असतं. म्हणजे ठोकळ्यांचं नाही, ह्याचंच काहीतरी बिनसलंय!" तिने पारडी रिकामी केली, डाव्या पारड्याखाली हात घातला आणि तो ओलसर गोळा ओढून सरांसमोर धरला. माझा काटा सरळ झाला.

सरांनी गोळा हातात घेतला आणि ते खो-खो हसले. "बाई, हिला दुसरीत बसवा म्हणणारा शहाणा मीच ना? ही इथेच बसेल. आणि पहिल्या बाकावर!"

चूक पकडली गेली म्हणून मी हिरमुसलो असेन, असं वाटतंय तुम्हाला? छे! बाकीची पोरं माझा काटा बघून उत्तर सांगत होती. मुंगीला माझ्याशिवाय कळलं होतं. शिष्य पुढे गेला, याहून गुरूला आणखी काय हवं?

पुढे रंगीबेरंगी प्लॅस्टिकची खेळणी आली आणि मी कपाटावर धूळ खात पडलो. उंदराने एक दोरी कुरतडली. ते दिवस आठवले की अजून वाईट वाटतं. मग एका नव्या बाईंनी मला खाली काढलं, दोरी बदलली. आता तास सुरू झाला की पोरं आधी माझी रिकामी पारडी बघतात. त्याला म्हणतात 'मुंगीची तपासणी'. मुंगी कोण, हे त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही. मला आहे.

तर मित्रांनो, मला कोरड्या फडक्याने पुसा, दोऱ्या ओढू नका, पारड्यांत खडू-माती कोंबू नका. एवढं केलंत की तुमच्या नातवंडांनाही मी पुरेन. पण मी काही सांगितलं, म्हणून नुसती मान डोलावू नका. आधी पारडी रिकामी करून बघा. मला मुळीच राग येणार नाही. मला मुंगी आठवेल.