टेकडीवरची चार घरं

जन्मघराचा विषय निघाला की आई आणि मावशीची हमखास जुंपायची. मावशी म्हणे, घर टेकडीवर होतं. आई म्हणे, ओढ्याकाठी. वाडी कधीच उठून गेली होती, त्यामुळे विचारायचं तरी कोणाला?

आईची लेक ग्रंथालयात फाटक्या नकाशांना मागून कापड लावून ते सांधायचं काम करी. एकदा त्याच भागाचा जुना मोजणी नकाशा तिच्या टेबलावर आला. तिनं भिंग लावलं. टेकडीवर चार काळे ठिपके, म्हणजे घरं. ओढ्याकाठी काहीच नाही. आई हरली म्हणून तिलाच चुटपुट लागली. मग तिनं कपाटातून नंतरच्या मोजणीचा नकाशा काढला. त्यात टेकडी मोकळी होती, विहिरीशेजारी ‘कोरडी’ असं लिहिलं होतं, आणि चार ठिपके खाली ओढ्याकाठी उतरले होते.

रविवारी दोन्ही नकाशांच्या प्रती घेऊन तिनं दोघींना गाडीत घातलं.

टेकडीवर काटेरी झुडपं माजली होती. नकाशा बघत बघत ती पुढे झाली, तर जुन्या घरांच्या पायाचे दगड ओळीनं लागले. मावशी त्यातल्या एकावर टेकली.

“सांगत होते ना मी? इथूनच मामा मला घेऊन गेला.”

“मग तू खालचं घर पाहिलंच नाहीस,” आई म्हणाली.

“कुठून बघणार? परत आणलं ते थेट शहरात. तेव्हा चार वर्षांची तू आईच्या मांडीवर बसली होतीस.” मावशी दगडावरची माती नखानं उकरत राहिली. “मला वाटायचं, तू येणार म्हणून मला धाडलं. एकीलाच जागा होती घरात.”

लेकीनं दुसरा नकाशा उघडून विहिरीवर बोट ठेवलं. “मावशी, पाणी आटलं होतं. सगळी वाडीच उठली.”

मावशीनं चष्मा पुसून तो एकच शब्द पुन्हा पुन्हा वाचला.

“येडी गं तू,” आई तिच्या शेजारी बसत म्हणाली. “इतकी वर्षं हे पोटात ठेवून माझ्याशी भांडत होतीस?”

“भांडत होते, बोलणं तर टाकलं नव्हतं ना?”

आई हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. तिनं मावशीचा हात धरून तिला उठवलं. “चल खाली. मी रांगायला लागले ते घर दाखवते तुला.”

उतार निसरडा होता. दोघी एकमेकींना सांभाळत, रागवत उतरू लागल्या. लेक मुद्दामच मागे राहिली.