विहीर नसलेला रहाट

मित्रांनो, मी एक जुना रहाट आहे. तुमच्यापैकी कितीजणांनी रहाट पाहिला असेल, देव जाणे! विहिरीवर बसायचं, मडक्यांची माळ गळ्यात घालून फिरायचं आणि खोलातलं पाणी वर आणायचं, हे माझं काम. गिरीज गावच्या शत्रुघ्न सुताराने मला बाभळीच्या लाकडातून घडवलं आणि आत्मारामांच्या केळीच्या वाडीत बसवलं. डोळ्यांना झापड बांधलेला हेला, म्हणजे रेडा, गोल फिरू लागला की मीही कुरकुरत फिरायचो. माझी कुरकुर थांबली, तर आत्माराम जेवणावरून उठून यायचे. एवढा माझा मान होता!

पुढे वाडीत विजेचा पंप आला. मला गोठ्यामागे टाकलं. कोंबड्या माझ्यावर खुशाल बसू लागल्या. फार लागलं ते मनाला. अखेर नव्वदच्या दशकात एका संग्रहालयाने मला नेलं. तिथे आसपासच्या गावांतली जुनी कौलारू घरं जपून ठेवली होती. त्यांच्यामध्ये चौथरा बांधून मला बसवलं, वर पत्रा घातला.

"आता थेंब नाय लागनार याला," तिथला राखणदार व्हॅलेरियन खुशीत म्हणाला. त्याचा माझ्यावर भारी जीव.

पण मी जन्मभर भिजलेला! दोन उन्हाळ्यांत लाकूड आकसलं, सांधे सुटले, चाकाचे आरे खुळखुळू लागले. हा एखाद्या मुलाच्या अंगावर पडायचा, म्हणून मला उतरवून सिमेंटचा रंगीत रहाट बसवायचं समितीने ठरवलं. माझं सरपण होणार, या विचाराने मी धास्तावलो.

त्याच आठवड्यात विरारच्या मनवेलपाड्याहून शाळेची सहल आली. मुलं उखळात डोकावली, माळ्यावर चढू पाहू लागली. मीही त्यांना न्याहाळत होतो. सगळ्यांच्या गळ्यात पाण्याच्या बाटल्या! यांचं पाणी कोण काढत असेल, याचं मला मोठं कुतूहल वाटलं.

अनुष्का नावाची मुलगी माझ्यापाशी थांबली. "काका, ह्याची विहीर कुठेय?"

"विहीर नाय बाय. हा नुसता बघायला."

तिने आरा हलवून पाहिला. "हा कोरडा आहे म्हणून हलतोय का? पाणी घातलं तर काय होईल?"

"नको नको, लाकूड कुजेल!" व्हॅलेरियन ओरडला आणि एकदम थबकला. "पन वाडीत तर हा कायम पान्यातच होता की!"

तोवर तिने बाटली माझ्यावर उपडी केली होती. "अगं, मग दुपारी पिशील काय?" त्यांच्या शिक्षिका विनिताबाई रागावल्या. त्या मुलांच्या घरी टँकरचं पाणी, थेंब सांडला तरी ओरडा बसायचा. तरीही एकेक बाटली माझ्यावर रिकामी झाली. कित्येक वर्षांनी मी पाणी प्यायलो, मित्रांनो. मला भरून आलं.

त्या दिवसापासून व्हॅलेरियन मला ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवू लागला. लाकूड हळूहळू फुगलं, सांधे पुन्हा घट्ट बसले. उतरवायला माणसं आली तेव्हा व्हॅलेरियन म्हणाला, "आधी हलवून तर बघा." त्यांनी जोर लावला. एकही आरा हलला नाही.

समितीने सिमेंटच्या रहाटाचा बेत सोडला. आता मी संग्रहालयातल्याच एका जुन्या घरामागच्या खऱ्या विहिरीवर बसतो. मुलं दांडा ढकलतात, पाणी पन्हळीतून शेजारच्या केळींना जातं. मित्रांनो, जुन्या वस्तूला जपताना तिचं काम तिच्यापासून हिरावून घेऊ नका. पाण्यात राहून मी एक दिवस कुजेन, हे मलाही कळतं. पण तोवर केळी तर पिकतील!