सतरा नंबरची साधी डिश

सतरा नंबरचा नमुना शहाऐंशी वर्षांच्या माणसाचा होता. बाटलीवर फक्त आकडा असे, नाव नसे. पण ऐंशीच्या वरचा दाता एकच होता, आणि ते ताईंचे वडील होते. प्रयोगशाळेत मूलपेशी वाढवायचं काम ताई चोवीस वर्षं करत होत्या.

वडिलांनी उभा जन्म चष्म्याच्या काचा घासल्या. कमरेच्या हाडात सुई गेली तेव्हा ते डॉक्टरांना म्हणाले, "जपून हं, ओरिजिनल माल आहे. स्पेअर मिळत नाही." खरंच मिळणार नव्हता. या वयात पुन्हा सुई टोचायची नाही, असं डॉक्टरांनी त्याच दिवशी लिहून दिलं.

होतं नव्हतं ते दोन डिशमध्ये वाढत होतं. एकीत नवं औषध होतं; म्हाताऱ्या पेशी त्याने पुन्हा तरुण होतात का, ते पाहायचं होतं. दुसरी साधी. तिच्यातल्या पेशींनी म्हातारंच राहायचं, तेच त्यांचं काम. नाहीतर औषधाने काय केलं ते कळणार कसं?

डिश बघायला मिळाव्यात म्हणून वडिलांनी पहिल्याच दिवशी हट्ट धरला. अभ्यास संपेपर्यंत दात्याला दाखवायचं नाही, असा नियम होता. मग ते रोज संध्याकाळी विचारायचे, "काय म्हणतात माझी कार्टी?"

"लोळतायत."

"बापावर गेली."

आपण विज्ञानाच्या कामाला आलो, हे त्यांनी केस कापणाऱ्याला तीनदा सांगितलं होतं.

सहाव्या दिवशी दुपारी ताई पेशींचं पोषक पाणी बदलायला बसल्या. खोली उबदार होती, पंख्याची एकसुरी घरघर चालली होती आणि ते गुलाबी पाणी उजेडात हलत होतं. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाखाली साध्या डिशमधल्या पेशी जेवून आडव्या झालेल्या माणसांसारख्या पसरल्या होत्या, कडा विरलेल्या. ताईंना वाटलं, आपणही त्या पाण्यातच बसलो आहोत.

नवव्या दिवशी त्याच डिशमधल्या पेशी निमुळत्या झालेल्या दिसल्या. सगळ्या एका दिशेला वळलेल्या, प्रवाहात माशांचा थवा वळावा तशा. कोपऱ्यातली एक फुगून गोल झाली होती, थेंबासारखी चमकत होती. तिला कंबर आली, आणि ताईंच्या डोळ्यांदेखत एकीच्या दोन झाल्या.

मिनिटभर ताई नुसत्या खूश होत्या. मग बोटांना आठवलं.

सुस्त डिश दिसली की शेजारच्या जोमदार डिशमधलं वापरलेलं पाणी गाळून थोडं तिच्यात घालायचं. तरुण पेशी पाण्यात काहीतरी सोडतात, त्याने सुस्त पेशी जाग्या होतात. ही त्यांच्या हाताची इतकी जुनी रीत होती की हात डोक्याला विचारत नसे. सहाव्या दिवशीही त्याने विचारलं नव्हतं; शेजारचं पाणी साध्या डिशमध्ये गेलं होतं.

गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. औषध आणि साधं पाणी सारखंच, अशी नोंद झाली असती. सांगितलं तर सतरा नंबर बाद. वडिलांना दुसऱ्यांदा देता येणार नव्हतं.

ताई प्रमुख बाईंच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, सतरा नंबरची साधी डिश माझ्या हातून बिघडली."

"म्हणजे काय झालं?"

"सुधारली."

बाईंना आधी हसू आलं. सगळं ऐकल्यावर त्यांनी वही ओढली आणि सतराच्या नोंदीवर एकच आडवी रेघ मारली. खोडलं तरी खालचं वाचता आलं पाहिजे, अशी तिथली पद्धत. ताईंनी बाजूला सही केली.

"उद्या दोन्ही डिश टाकून द्या."

"टाकायच्या आधी एका माणसाला दाखवू?"

"आता त्या अभ्यासात नाहीत. खुशाल दाखवा. कोट घालायला लावा मात्र."

दुसऱ्या दिवशी वडील आले. पांढऱ्या कोटाच्या बाह्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या. "बाबा, तुमचा नंबर कटला," ताई बोळातच म्हणाल्या. "चूक माझी." मग सगळं सांगितलं.

बोळाच्या टोकाला त्यांनी काठी टेकली.

"मी एकदा एका बाईची डावी काच उजवीकडे बसवली होती," ते म्हणाले. "सहा महिने तशीच हिंडली. वर म्हणायची, छान दिसतं."

"मग?"

"बोलावून बदलून दिली. तेव्हापासून बोलत नाही माझ्याशी."

भिंगाशी बसताच त्यांनी न विचारता डोळे लावायच्या दोन्ही नळ्या आपल्या डोळ्यांच्या बेताने जवळ घेतल्या. "काचेवर कुणाचं तरी बोट उमटलंय," असं कुरकुरत कोटाच्या बाहीने पुसलं. मग डोळे लावले.

"हा एक फुगलाय गं."

"दोन होणार त्याचे. अर्धा तास तरी लागेल."

एरवी पाच मिनिटांत डिश उबेत परत ठेवावी लागे. ताईंनी तिच्याखालची गरम पट्टी सुरू केली आणि शेजारी स्टूल ओढलं. पंखा घरघरत होता. वडिलांनी काठी मांडीवर आडवी घेतली, डोळे नळ्यांवरून हलवले नाहीत.

"बोलू नकोस," ते हळूच म्हणाले. "दचकेल."