एक मूठ मागं

खळ्ळ.

सकाळच्या शांततेत मडक्यात डाळ पडली.

"टाकली!" मल्हारच्या खांद्यावरून भक्ती ओरडली. मडकं उंच फळीवर. तिचा हात पोचत नाही, म्हणून रोज बापाच्या खांद्यावर चढायचं, हे दोघांचं ठरलेलं.

"उतरा आता, महाराणी. दिवसभर सिमेंटच्या गोण्या उचलायच्यात मला. तुमी घरातूनच हमाली सुरू करायलाव."

"गोणी अशा गुदगुल्या करती का?" तिनं त्याच्या मानेत बोटं घातली. मल्हार वाकडातिकडा झाला.

वरणाला डाळ काढली की त्यातली एक मूठ मडक्यात मागं टाकायची, ही सासूबाईंची रीत. लग्नानंतर हे मडकं त्यांनीच माझ्या हाती दिलं. ते भरलं की त्या महिन्याची डाळ विकत आणायची नाही, त्या पैशात भक्तीला पैंजण आणायचे, असं मी दिवाळीत बोलून बसले. तेव्हापासून मूठ टाकायचं काम तिनं माझ्याकडून काढून घेतलं.

मल्हार सोनपेठला सिमेंटच्या दुकानावर असतो, मी कापूस वेचायला जाते. बाजाराच्या दिवशी दोघांच्या आठवड्याच्या मजुरीचा हप्ता हातात येतो आणि किराणा, गॅस, भाडं, सासूबाईंच्या गोळ्या करता करता दिवेलागणीला संपतो. "आल्ता का गं आपला हप्ता?" मल्हार झोपताना विचारतो. "दिसल्यासारखा वाटला," मी म्हणते. दोघंही हसतो.

पुढचा बाजार येईस्तोवर डाळीचा डबा खडखडतो. मग भक्ती शाळेत गेली की, शेतात निघायच्या आधी, मी मडकं खाली घेते.

आजही घेतलं. डब्यात उपडं करतच होते, तर दारात लसूण सोलणाऱ्या सासूबाईंनी मान वळवली. माझे हात थांबले.

"ओत, ओत," त्या म्हणाल्या. "मीबी ओतायचे."

"मंग तुमचं भरलं कवा, आत्या?"

"भरलं म्हून कोण म्हनलं?" त्या तोंडाला पदर लावून हसल्या. "मल्हारला सायकल घ्यायची व्हती त्यातून. साळंला चालतच गेला बाप्पा दहावीपस्तोर."

मग पाकळी हातात तशीच धरून म्हणाल्या, "पोरीला मातर टाकू दी. हाताला सवय ऱ्हाती."

दुसऱ्या दिवशी सकाळी भक्तीनं डब्यातून मूठ भरून घेतली. कालच मडक्यातून आलेली डाळ. ती बापाच्या खांद्यावर चढली. मल्हारनं तिचे उघडे घोटे दोन्ही हातांनी घट्ट धरले.

या वेळी तिनं लगेच मूठ सोडली नाही. मडक्याच्या तोंडाशी कान नेला, मग बोटं उघडली.

खळ्ळ.

ती ओरडली नाही. मल्हारनं माझ्याकडं पाहिलं. मी परातीत पीठ मळत राहिले.

"आई," ती वरूनच म्हणाली, "मडकं भरायलंय म्हनतीस ना? मंग आवाज रोज तळातूनच कसा यायलाय?"