बाळांच्या खोलीतलं बेसिन

मित्रांनो, मी एक जुनं बेसिन आहे. नाक मुरडू नका. आज मी सोलापुरातल्या एका मोठ्या दवाखान्यामागे भंगारात पालथं पडून आहे, पण माझेही चांगले दिवस होते.

माती भाजून, वर पांढरी झिलई चढवून मला घडवलं आणि कमी वजनाच्या बाळांच्या खोलीच्या दारात बसवलं. काय थाट होता माझा! डॉक्टर असो की झाडूवाला, आत जाणाऱ्याने आधी माझ्यापाशी यायचं आणि कोपरापर्यंत हात धुवायचे. दसऱ्याला सिस्टर मला झेंडूचा हार घालायच्या. हार दरवर्षी घातला, पण माझ्याखालची नळी एकदाही उघडून साफ केली नाही.

सोलापूरच्या पाण्याची तऱ्हा तुम्हाला ठाऊकच आहे. चार-पाच दिवसांनी येणार. टाकी आटली की बाकीचे नळ कोरडे, माझा तेवढा चालू. मग सगळा संसार माझ्याच डोक्यावर! उरलेलं दूध माझ्यात, चहाचे कप माझ्यात, जेवणाचे डबेही माझ्यातच. नळीत दुधाचा थर बसला आणि जंतूंचं फावलं. पाणी जोरात सोडलं की खालचे शिंतोडे वर उडायचे. मला दिसत होतं, पण बेसिनला विचारतो कोण?

विचारलं ते डॉ. चंद्रिकांनी. दवाखान्यात रोगजंतू कुठून पसरतात, याचंच त्यांचं संशोधन. कापूस लावलेल्या काड्या घेऊन त्या दिवसभर हिंडायच्या. पलंगाच्या कडा, दाराच्या कड्या, माणसांचे हात, सगळीकडे फिरवायच्या. लोक हसायचे. मग एकामागून एक बाळं निपचित पडू लागली, तेव्हा त्यांनी काडी माझ्या नळीत घातली. बाळांच्या रक्तातला जंतू आणि माझ्या नळीतला जंतू एकच निघाला.

त्यांनी दवाखान्याच्या प्रमुखांना, डॉ. महेश्वरांना, माझ्यासमोर आणून उभं केलं. नळी बदला, बाळांच्या दुधाच्या वाट्या धुवायला वेगळं उकळलेलं पाणी ठेवा, तोवर खोली बंद करा, एवढंच मागणं होतं. पण साहेबांकडे वरून पाहणीला माणसं यायची होती, मानाचं प्रमाणपत्र मिळायचं होतं. ते शांतपणे हात पुसत म्हणाले, "मॅडम, तुम्ही शोधलं नसतं तर हे नव्हतंच ना?" पाहणी झाल्यावर बघू, असं ठरलं. तोवर माझ्या डोक्यावर इथे फक्त हात धुवा अशी एक इंग्रजी पाटी लागली. झालं काम!

त्याच सुमारास सांगोल्याकडून गोजाबाई आली. मेंढरं राखणाऱ्या घरातली. तिची लेक प्रियंका नुकतीच बाळंत झालेली आणि नातू अशक्त म्हणून या खोलीत. लेकीचं दूध वाटीतून आणून नातवाला चमच्याने पाजायचं, हे काम तिचं. वाटी दर वेळी धुवायची, असं सिस्टरने तिला बजावलं होतं. कुठे धुवायची, ते सांगितलं नव्हतं. आणि इंग्रजी पाटी ती बिचारी काय वाचणार? ती माझ्यापाशी यायची आणि वाटी घासून घासून लख्ख करायची. देवाचं ताम्हनसुद्धा कुणी इतक्या मायेने घासत नसेल. मला ओरडावंसं वाटायचं.

एके दिवशी चंद्रिकाबाईंनी ते पाहिलं आणि धावत येऊन तिच्या हातातली वाटी काढून घेतली. पण नातवाने सकाळपासूनच दूध गिळायचं सोडलं होतं. तो गेला.

चौकशी झाली. नातेवाईक स्वच्छता पाळत नाहीत, असं साहेबांनी सांगून टाकलं. चोराच्या उलट्या बोंबा! ते गोजाबाईच्या कानावर गेलं. गावाला निघताना तिने चंद्रिकाबाईंना माझ्यापाशीच गाठलं.

"बाई, माज्या हातानं पोर गेलं म्हणत्यात. व्हय?"

"नाही आजी. तुमचे हात स्वच्छच होते. घाण आमच्या नळीत होती. आणि ते आम्हाला माहीत होतं."

 गोजाबाई पदराने डोळे पुसत म्हणाली, "तुमी मनानं लई चांगल्या हाय, म्हणून असं म्हणताय."

आणि ती गेली.

पाहणीच्या आदल्या दिवशी मला उपटून काढलं. माझ्या जागी नवं चकचकीत बेसिन आलं, खाली नळी मात्र तीच ठेवली. आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला! चंद्रिकाबाई जीव तोडून सांगत होत्या. त्यांच्या काड्या बंद झाल्या आणि साहेबांना प्रमाणपत्र मिळालं.

मित्रांनो, आपली कहाणी सांगून झाली की शेवटी माझी काळजी घ्या म्हणून विनवायची रीत असते. माझी नका घेऊ, माझं काय व्हायचं ते झालं. हात धुवायच्या जागी हातच धुवा आणि वरचा चकचकाट पाहून भुलू नका, हे ध्यानात ठेवा. पण माझं खरं मागणं वेगळंच आहे. सांगोल्याच्या बाजूला कधी गेलात आणि माळावर मेंढरांमागे गोजाबाई भेटली, तर तिला सांगा की दोष तिचा नव्हता. डॉक्टरीणबाईंचं बोलणं तिला दयेचं वाटलं, तुमचं तरी पटेल. परवा झाडूवाल्या बाया इथे बोलत होत्या. प्रियंकाला दुसरं मूल झालंय, आणि गोजाबाई अजून त्याला हात लावत नाही.